बँडची गोष्ट पडद्यावर आणताना या चुका टाळा

खानदेशातल्या पोरांना सध्या सिनेमा करायचाय, आणि त्यातल्या कितीतरी जणांना तो आपल्या गावच्या बँडवर करायचाय. कारण शोधायला लांब जायला नको. वरातीत बँडपुढे नाचत ही पिढी वाढली. अहिराणी गाणी यूट्यूबवरून घरोघर पोचली, आणि ती करणारी मंडळी ओळखीचीच आहेत. मालेगाव तर आपल्या दाराशी. तिथल्या हौशी कलाकारांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढले, आणि पुढे त्यांच्यावरच हिंदी चित्रपट आला. मग जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांनी का मागे राहावं?

यातल्या काही संहिता माझ्याकडे वाचायला येतात. विषय इथला असतो, पण डोळ्यापुढचा नमुना परदेशी रॉक बँडच्या चरित्रपटांचा. गरीब पोरं एकत्र येतात, नाव होतं, पैसा येतो, एक जण बिघडतो, बँड फुटतो आणि शेवटी एका मोठ्या कार्यक्रमात सगळे पुन्हा एक होतात. हा साचा एकदा घेतला की त्यात न बसणारं सगळं कापलं जातं, आणि साच्याला जे लागतं ते नसलं तर रचलं जातं. लिहिणाऱ्याला वाटतं, हे नाट्यस्वातंत्र्य. कधी ते असतंही. पण बऱ्याचदा तो कुणावर तरी अन्याय असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. काळ हलवायला हरकत नाही, प्रसंग जोडायला हरकत नाही, संवाद तर रचावेच लागतात. पण या हलवाहलवीत कुणाचा दोष दुसऱ्याच्या माथी जात असेल, किंवा कुणाचं श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडत असेल, तर तिथे हात आवरा. आपल्याकडे ही खबरदारी जास्तच घ्यावी लागते. क्वीनसारख्या जगप्रसिद्ध ब्रिटिश रॉक बँडबद्दल सिनेमात चुकीचं आलं तर ते खोडून काढायला पुस्तकं आहेत, मुलाखती आहेत, तारखांसकट ध्वनिमुद्रणं आहेत. धरणगाव, शहादा नाहीतर साक्रीकडच्या एखाद्या बँड पार्टीबद्दल कुठे काय लिहून ठेवलंय? तुम्ही जे दाखवाल तेच पुढच्या पिढीपुढे दप्तर म्हणून राहणार.

सगळे बदल एकाच मापाने मोजणं

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा क्वीनवरचा चित्रपट २०१८ साली आला. तो पाहून आलेल्या दोन माणसांत वाद ठरलेला. एक म्हणतो, सगळं खोटं दाखवलंय. दुसरा म्हणतो, अहो सिनेमा आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. चूक दोघांची एकच आहे: दोघेही सगळे बदल एका रांगेत उभे करतात. त्यातले तीन बदल वेगवेगळे बघू.

चित्रपटात बँडच्या सुरुवातीच्या अमेरिका दौऱ्याच्या दृश्यांवर 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' वाजतं. तो दौरा १९७४ चा, गाणं १९७८ चं. यात कुणाचं काय गेलं? काही नाही. दौऱ्याचा जोश दाखवायला एक जोशाचं गाणं घेतलं, विषय संपला. यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी आपली ताकद दुसरीकडे वापरावी.

दुसरा बदल 'वी विल रॉक यू'चा. गाणं तयार होताना पडद्यावर १९८० साल आहे आणि गायक फ्रेडी मर्क्युरीला मिशी आहे. खरं गाणं १९७७ चं, तेव्हा मिशी नव्हती. चूक तीन वर्षांची, पण मिशीमुळे पहिलीपेक्षा ढळढळीत. तरी मी ती माफ करेन. बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांना ते गाणं सुचलं ते स्टॅफर्डच्या एका कार्यक्रमानंतर. तिथे श्रोतेच बँडसाठी गायला लागले होते, आणि त्यांनाही वाजवता येईल असं काहीतरी करावं, असं मे यांना वाटलं. चित्रपटातही मे हेच म्हणतात आणि पाय आपटून दाखवतात. वर्ष बदललं, पण गाणं का झालं आणि कुणामुळे झालं ते जागेवर राहिलं.

तिसरा बदल मात्र माझ्या गळ्याखाली उतरत नाही. लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमाच्या तालमींच्या वेळी फ्रेडी सोबत्यांना सांगतो की आपल्याला एड्स झालाय, आणि मग तो अजरामर कार्यक्रम होतो. लाइव्ह एड झालं १३ जुलै १९८५ रोजी. फ्रेडीचा जोडीदार जिम हटन याने सांगितल्याप्रमाणे आजाराचं निदान झालं १९८७ साली. आता बघा, दोन वर्षं इकडची तिकडे झाल्यावर काय काय हललं. लंडनला वेम्ब्लीच्या मंचावरची ती सुमारे एकवीस मिनिटं आता मरणाची चाहूल लागलेल्या माणसाची झाली. प्रत्यक्षात ती होती ऐन भरात असलेल्या बँडची. 'द वर्क्स' हा अल्बम फेब्रुवारी १९८४ मध्ये आला होता, त्यामागोमाग मोठा दौरा झाला, जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी रिओला अफाट गर्दीपुढे वाजवलं आणि मे महिन्यापर्यंत दौरा चालूच होता. लाइव्ह एडसाठी त्यांनी नाट्यगृह घेऊन तालमी केल्या, कुठलं गाणं किती कापायचं ते ठरवलं. त्या यशाचं कारण होतं मेहनत आणि सराव. चित्रपटाने ते कारण काढून घेतलं आणि त्या जागी आजार बसवला.

आणि आजार दाखवला तोही वाईट संगतीनंतर, शिक्षा भोगावी तसा. आपल्याला एड्स आहे हे फ्रेडीने जगाला सांगितलं २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी. कुणाला सांगायचं आणि केव्हा सांगायचं हा त्या माणसाचा शेवटपर्यंत जपलेला हक्क होता. पटकथेला वळण हवं म्हणून तो त्याच्याकडून घेतला गेला. फ्रेडी साकारणाऱ्या रामी मॅलेकचा अभिनय मनात घर करून राहतो, त्याला मिळालेलं ऑस्करही योग्यच. तरी ही गोष्ट मला सलते.

तुमच्या संहितेत हे तपासायला सोपं आहे. वहीत तीन रकाने आखा: काय हलवलं, का हलवलं, आणि हलवल्यावर कोण जास्त वाईट किंवा जास्त चांगला दिसायला लागला. तिसरा रकाना कोरा राहिला तर खुशाल पुढे जा. त्यात कुणाचं नाव आलं तर त्या दृश्याकडे पुन्हा वळा.

फुटीचा दोष एकाच्या माथी मारणं

बँडच्या चरित्रपटाला फूट लागतेच. क्वीनची तर फूट झालीच नव्हती, म्हणून ती करावी लागली. चित्रपटात फ्रेडी गुपचूप स्वतंत्र अल्बमचा करार करतो, बाकीचे दुखावतात, बँड तुटतो. प्रत्यक्षात ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम १९८१ सालीच आला होता. ब्रायन मे यांनी १९८३ साली वेगळं काम केलं होतं. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' आला एप्रिल १९८५ मध्ये, म्हणजे तिघांत शेवटी. जे आधी दुसऱ्यांनी केलं आणि कुणी त्याचं वाईट मानलं नाही, तोच पडद्यावर एकट्या फ्रेडीचा गुन्हा ठरला. आणि उत्तर द्यायला तो हयात नव्हता. चरित्रपटात नेहमी असंच होतं: गेलेल्या माणसावर दोष टाकायला सोपं जातं.

आपल्याकडच्या संहितांत हा दोष ठरलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. बँडचा मास्तर दारू प्यायला लागतो, सुपारीचे पैसे उडवतो, बँड फुटतो. एका पोराने आपल्या तालुक्यातल्या एका जुन्या, आता बंद पडलेल्या बँडवर असंच लिहिलं होतं. मी म्हटलं, आधी विचारून तर येऊ. त्या बँडमधले क्लॅरनेट वाजवणारे बाबा अजून आहेत. त्यांच्या ओट्यावर बसलो. पोराने मास्तरांच्या दारूचा विषय काढला तसे बाबा मान हलवून म्हणाले, "आसं नही व्हयनं, भाऊ," आणि आत जाऊन सुपाऱ्यांची वही घेऊन आले.

लांबट वही, लाल कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. रकाने हाताने आखलेले: तिथी, गाव, यजमान, किती ठरले, इसार, बाकी. सुरुवातीची पानं गच्च. लगीनसराईत एकेका तिथीला दोन-दोन गावं, म्हणजे सकाळी एका ठिकाणी आणि संध्याकाळची वरात दुसरीकडे. पुढे पानं विरळ होत जातात. काही नोंदींवर आडवी रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात 'बेंजो सांगितला'. त्याच्या पुढच्या पानांवर 'डीजे'. मध्येच एका पानापासून वहीतलं अक्षरच बदलतं. आधीचं अक्षर ट्रंपेटवाल्याचं. हिशेब तोच ठेवायचा. सुपाऱ्या कमी झाल्या, घर चालेना, म्हणून तो सुरतला कापडाच्या कारखान्यात गेला. मुख्य ट्रंपेट गेल्यावर बँडचा आवाज पडला आणि आणखी सुपाऱ्या गेल्या. मास्तर दारूला लागले ते त्यानंतर, हाताला काम उरलं नाही तेव्हा.

म्हणजे संहितेत जे कारण होतं ते मुळात परिणाम होतं. मास्तरांची नातवंडं त्याच गावात आहेत, शाळेत जातात. आजोबांनी बँड बुडवला असं दाखवणारा सिनेमा त्यांच्या चौकात पडदा लावून दाखवला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. आणि नाट्य तरी काय कमी झालं? बदललेलं अक्षर हीच खरी फूट. कॅमेरा वहीवर ठेवा, पानं उलटा. दारूच्या बाटलीचं दृश्य शंभर सिनेमांत येऊन गेलंय, हे दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

माणसं गाळणं

प्रत्येकाला जागा देता येत नाही, हे मान्य. पण गाळणं आणि पुसणं यांत फरक आहे. क्वीनचा बासवादक जॉन डीकन १९७१ साली आला. त्याच्याआधी तिघांनी बास वाजवून पाहिलं होतं. चित्रपटात मात्र पहिल्याच कार्यक्रमात डीकन उभा आहे. सोयीसाठी केलेला बदल म्हणून एक वेळ चालेल, पण बँड म्हणजे जन्मापासून चौघांचा संसार, असा जो समज होतो तो चुकीचा आहे. बँड घडतो तोच माणसं येत-जात राहून. फ्रेडीची पाचगणीच्या शाळेतली वर्षं, तिथला त्याचा 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड, यांनाही चित्रपटात दृश्य नाही. पारशी घरातलं, झांझिबारात जन्मलेलं पोर आपल्या सह्याद्रीत पियानो वाजवायला शिकलं, हे पाहायला मिळालं असतं तर मराठी प्रेक्षकाला किती आनंद झाला असता.

अमेरिकन रॉक गायक बडी हॉलीवरच्या १९७८ च्या चित्रपटात तर त्याच्या क्रिकेट्स या बँडमधल्या सोबत्यांची खरी नावंच नाहीत. त्यांच्या जागी वेगळ्या नावांची पात्रं आहेत. पुढे १९८५ साली पॉल मॅकार्टनी यांनी पुढाकार घेऊन हॉलीवर माहितीपट काढला आणि त्यात त्या सोबत्यांना बोलतं केलं.

बँड पार्टीवर लिहिताना कोण गळतं? लाऊडस्पीकरची गाडी ढकलणारा गळतो. खुळखुळा वाजवणारं पोर गळतं. डोक्यावर बत्ती घेऊन वरातीच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या बाया तर हमखास गळतात. त्यांना संवाद नका देऊ, पण चौकटीत ठेवा, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं घाला.

दोन-तीन माणसं मिळून एक पात्र करायचं असेल तर जरूर करा, पण त्याला खऱ्यातल्या कुणाचं नाव देऊ नका. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला, गाणं नाकारणारा कंपनीचा अधिकारी काल्पनिक आहे आणि नावही काल्पनिक आहे. हे बरोबर केलं. गोची होते ती नाव खरं आणि कृत्य तिसऱ्याचं असं झालं की.

श्रेय इकडचं तिकडे करणं

दोषापेक्षा श्रेयाची चोरी जास्त होते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. क्वीन मंचावर येईपर्यंत लाइव्ह एडचे देणग्यांचे फोन थंड पडले होते आणि क्वीनने वाजवायला सुरुवात करताच ते खणखणू लागले, असं चित्रपट दाखवतो. देणग्या वाढण्यामागे कार्यक्रमाचे आयोजक बॉब गेल्डॉफ यांनी दूरचित्रवाणीवरून केलेलं कळकळीचं आवाहन होतं आणि इथिओपियातल्या दुष्काळाची चित्रफीत होती. ती चित्रफीत दाखवायला वेळ मिळावा म्हणून गायक डेव्हिड बोवीने आपलं एक गाणं सोडून दिलं. एका कलाकाराने स्वतःहून मागे घेतलेलं पाऊल, आणि त्याचं फळ पडद्यावर दुसऱ्याच्या नावे. क्वीनचा तो कार्यक्रम मुळातच थोर होता. त्याला असल्या उसन्या श्रेयाची गरज नव्हती.

बीटल्सच्या हॅम्बर्गमधल्या दिवसांवरच्या 'बॅकबीट'मध्ये 'लाँग टॉल सॅली' जॉन लेननच्या तोंडी दिलं. मॅकार्टनी यांना ते लागलं, कारण ते गाणं बँडमध्ये ते स्वतः गायचे. बाहेरच्याला वाटेल, केवढी क्षुल्लक तक्रार! ज्याने घसा फोडून एखादं गाणं वर्षानुवर्षं गायलंय त्यालाच विचारा.

खानदेशात या चुकीला 'पारंपरिक' हा शिक्का मदत करतो. हळदीचं, कानबाईचं, होळीचं गाणं घेतलं की खाली 'पारंपरिक' लिहून मोकळं व्हायचं. कितीतरी गाणी खरोखर परंपरेतली आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कितीतरी गाणी कुणीतरी कॅसेटच्या जमान्यात लिहिलेली आहेत, त्यांना चाल लावणारा अजून शेजारच्या गावात राहतो, आणि आपल्या गाण्यावर लाखो लोक नाचतात तरी त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. सिनेमात घेण्याआधी चार गावांत विचारा. जुनी कॅसेट मिळाली तर तिच्या आवरणावरची बारीक अक्षरं वाचा. पावरी या आदिवासी वाद्यावर वाजणारी एखादी धून नंदुरबारकडच्या कुठल्या वादकाने खुलवली तेही तिथल्या लोकांना माहीत असतं.

बहिणाबाईंचं उदाहरण आपल्यापुढे आहेच. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओव्या जात्यावर, शेतात सुचल्या, घरातल्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर सोपानदेवांमुळे १९५२ साली छापून जगापुढे आल्या. त्यांच्या हातात लेखणी दाखवली तर दृश्य सुंदर दिसेल, पण रचणारीची ताकदही जाईल आणि टिपणाऱ्यांचे कष्टही जातील.

पैसे देणाऱ्याच्या नजरेने लिहिणं

क्वीनवरच्या चित्रपटाच्या निर्मितीत ब्रायन मे आणि रॉजर टेलर स्वतः होते. गाणी त्यांच्याशिवाय मिळणारच नव्हती. त्यामुळे ती अधिकृत कथा झाली आणि तिच्यात हयात असलेले सदस्य समंजस दिसतात. २०१५ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये ज्या रॅप गटाची ती गोष्ट त्यातलेच दोघे निर्माते होते. त्यांतल्या डॉ. ड्रेने १९९१ साली एका महिला पत्रकाराला मारहाण केली होती, ते चित्रपटात नाही. चित्रपट आल्यावर यावरून इतकी टीका झाली की ड्रेला आपल्या हातून दुखावल्या गेलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागावी लागली. दृश्य असतं तर कदाचित चित्रपटाची उंची वाढली असती.

आपल्याकडे पैसे देतो तो मास्तरांचा मुलगा, नाहीतर गावातला कुणी पुढारी. काकांचं मन मोडायचं नाही, दादांना काय वाटेल, या दडपणाखाली भांडणं गुळगुळीत होतात आणि दुसऱ्या घरचा भाऊबंद खलनायक होतो. यावर एकच उपाय मला उपयोगी वाटतो: पैसे घेण्याआधी, जो पक्ष पैसे देत नाही त्याच्या घरी जाऊन या. बँड सोडून गेलेला, वेगळा बँड काढलेला, बोलेनासा झालेला, अशा माणसाकडे. त्याची बाजू कानावर पडली की लिहिणाऱ्याच्या हाताला आपोआप आवर बसतो.

पाहणाऱ्याला दिलेला शब्द मोडणं

एल्टन जॉनवरचा 'रॉकेटमॅन' २०१९ साली आला. क्वीनचा चित्रपट पुरा करणारा डेक्स्टर फ्लेचर हाच त्याचा दिग्दर्शक. त्यात १९७० च्या कार्यक्रमात १९७२ चं 'क्रोकोडाइल रॉक' वाजतं, गाणारा जमिनीवरून अधांतरी उचलला जातो आणि त्याच्यासोबत सगळं सभागृहही. तारखांच्या बाबतीत हा चित्रपट जास्त सैल आहे, पण फसवल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच दृश्यात पंख आणि शिंगं लावलेला नायक व्यसनमुक्तीच्या बैठकीत येऊन बसतो, तेव्हाच प्रेक्षकाला कळतं की हे आठवणीतलं, मनातलं जग आहे. शब्द आधी दिला आणि मग पाळला.

मँचेस्टरच्या संगीतावरचा '२४ अवर पार्टी पीपल' (२००२) याहून धीट आहे. गायक हॉवर्ड डिव्होटोबद्दलच्या एका प्रसंगात खरा डिव्होटोच सफाई कामगार म्हणून उभा राहतो आणि थेट प्रेक्षकाकडे पाहून सांगतो की असं काही घडल्याचं मला मुळीच आठवत नाही. दोन माणसांच्या आठवणी जुळत नसतील तर तुम्हीही हेच करू शकता. क्लॅरनेटवाले बाबा एक सांगतात, ढोलवाले दुसरं सांगतात. दोन्ही दाखवा. कोण सांगतंय ते दिसू द्या.

बॉब डिलनवरच्या २०२४ च्या चित्रपटात 'जुडास' (म्हणजे दगाबाज) ही चाहत्याची आरोळी १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात ऐकू येते. ती प्रत्यक्षात उठली १९६६ साली मँचेस्टरला. यावर माझं मन अजून पक्कं ठरलेलं नाही. चाहत्यांचा राग खरा होता, दोन्हीकडे होता. पण न्यूपोर्टच्या श्रोत्यांनी नेमकी कशाबद्दल ओरड केली, गिटारला वीज जोडली म्हणून, आवाज नीट नव्हता म्हणून, की कार्यक्रम लवकर आटोपला म्हणून, यावर आजही मतभेद आहेत. ती आरोळी तिथे नेली की तो वाद परस्पर निकाली निघतो.

'सत्यकथेवर आधारित' ही पाटी लावण्याआधी तुमचा तीन रकान्यांचा कागद पुन्हा बघा. तिसऱ्या रकान्यात नावं उरली असतील तर बँडचं नाव बदला, गावाचं नाव बदला आणि सरळ काल्पनिक गोष्ट म्हणून करा. त्यात कमीपणा काही नाही.

पाट्या, नोटा, गाड्या

या चुका सर्वांत हलक्या, पण प्रेक्षक त्याच आधी पकडतो आणि मग बाकीच्यावरचा त्याचा विश्वास उडतो. १९८५ च्या दृश्यात 'जिल्हा नंदुरबार' अशी पाटी नको, तो जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच दृश्यात एमएच-१९ नंबरची जीप नको, ही पद्धत नंतरची. नवरदेवावरून ओवाळलेल्या दहाच्या नोटांवर गांधीजी नकोत, ही मालिका १९९६ पासूनची. तारखा पक्क्या करायच्या तर जुन्या लग्नपत्रिका मागा. ज्यांच्या लग्नात तो बँड वाजला त्या जोडप्यांकडे पत्रिका असते, फोटोंचा अल्बम असतो, आणि अल्बममध्ये बँडवाल्यांचा गणवेश, वाद्यं, गाडीवरचं नाव सगळं सापडतं.

गाण्यांचा विचार शेवटी करणं

संहिता झाली, चित्रीकरण झालं आणि मग गाण्यांची परवानगी शोधायची, ही चूक मोठमोठ्यांनाही नडते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३ च्या चित्रपटात त्याची स्वतःची गाणी नाहीत, कारण वारसांनी ती दिली नाहीत. डेव्हिड बोवीवरच्या 'स्टारडस्ट'चंही तसंच झालं.

बँडवाल्यांच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला मोकळीक आहे. म्हणून पोरांना वाटतं, वरातीत चालतं तर सिनेमातल्या वरातीतही चालेल. तसं नाही. सिनेमात आलं की तो वेगळा वापर झाला, आणि गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रण यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. बदनामीच्या कायद्यातही गेलेल्या माणसाला संरक्षण आहे: घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने त्याच्यावर आरोप केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू होऊ शकतं. संहिता पक्की झाल्यावर एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला.

खरं तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जुन्या मंडळींना बोलावून त्यांच्याकडूनच वाजवून घेणं. जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडवरच्या 'कंट्रोल' (२००७) या कृष्णधवल चित्रपटात नटांनी वाद्यं स्वतः वाजवली. त्यातला कच्चेपणा कानाला खरा वाटतो. आपल्याकडे तर मूळ वादकच हाताशी आहेत. क्लॅरनेटचे स्वर थोडे थरथरले तर थरथरू द्या, संगणकावर सरळ करत बसू नका. मोबाइलचा माइक क्लॅरनेटच्या तोंडाशी धरू नका, आवाज फाटतो. अंगण मोकळं असेल तर चार पावलं मागे या आणि ढोल सगळ्यांच्या मागे बसवा.

मानधन आधी ठरवा आणि इसार हातात द्या. जेवण-चहावर भागवू नका. पहिला खेळ त्यांच्याच गावात ठेवा, पण पंचांग बघून. दाट तिथीला ठेवलात तर जे अजून वाजवतात ते वरातीत असतील.